काडतुसांचा तुटवडा आणि घरातील बेगमी

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बंदुकीची काडतुसे ही कोणत्याही परवान्याविना, शिकारीच्या किंवा क्रीडासाहित्याच्या दुकानातील फळीवरून उचलून, पैसे देऊन घरी नेण्याची वस्तू आहे. १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून लांब नळीच्या बंदुकीची काडतुसे घेणाऱ्यासाठी १८ आणि पिस्तुलाची काडतुसे घेणाऱ्यासाठी २१ वर्षांची वयोमर्यादा घातली. विक्रीची नोंद ठेवण्याचे दुकानदारावरील बंधन मात्र १९८६ मध्ये जवळजवळ पूर्णपणे उठवण्यात आले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून आणि न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून काडतूस विकण्यापूर्वी ग्राहकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी सुरू केली, इलिनॉयमध्ये राज्याचे ओळखपत्र लागते. पण हे अपवाद आहेत. एवढ्या मोकळ्या बाजारात २००८ पासून वारंवार अशी वेळ आली की दुकानांच्या फळ्या महिनोन्‌महिने रिकाम्या राहिल्या, आणि ज्यांनी बाजारावर विसंबून न राहता घरीच काडतुसे भरण्याची साधने जमवली होती, त्यांचेही हात सामानाअभावी थांबले. या टंचाईचे मूळ उत्पादनाच्या एका अत्यंत अरुंद मार्गात आणि त्या मार्गावर एकाच वेळी धाव घेणाऱ्या भयात आहे. घरात आपत्तीसाठी काय साठवावे या प्रश्नाचे उत्तरही हे दोन घटक समजून घेतल्याखेरीज नीट देता येत नाही.

काडतूस बाहेरून एकसंध दिसत असले तरी ते चार भागांचे बनलेले असते. पहिला भाग म्हणजे पितळी पुंगळी, जिच्यात साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते आणि जी स्फोटाच्या दाबाने क्षणभर फुगून नळीच्या भिंतीला चिकटते व लगेच आकसते. पितळाच्या या लवचीकपणामुळेच ती पुन्हा वापरता येते. दुसरा भाग पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, म्हणजे शिशाचा, बहुधा तांब्याचे कवच चढवलेला तुकडा. तिसरा भाग दारू. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूरविरहित दारू तयार केल्यापासून काळ्या दारूचे युग मागे पडले. चौथा आणि आकाराने सर्वांत लहान भाग म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसवलेली प्रायमर नावाची टोपी, जिच्यात आघाताने पेट घेणारे लेड स्टिफ्नेटसारखे शिशाचे संयुग असते. चाप ओढल्यावर सुई या टोपीवर आदळते, टोपीतील ठिणगी छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते आणि दारूच्या वायूने गोळी पुढे ढकलली जाते.

या टोपीच्या रचनेत एक असा फरक आहे की त्यावर घरगुती पुनर्भरणाचा सारा व्यवहार उभा आहे. १८६० च्या दशकात ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकन संशोधक हायरम बर्डन यांनी दोन वेगवेगळ्या रचना पुढे आणल्या. बॉक्सर पद्धतीत ठिणगी जाण्यासाठी पुंगळीच्या मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी आतून एका दांडीने ढकलून काढता येते. बर्डन पद्धतीत बाजूला दोन छिद्रे असतात आणि टोपी काढणे जिकिरीचे ठरते. ब्रिटिश माणसाची रचना अमेरिकेने स्वीकारली, अमेरिकन माणसाची युरोपातील लष्करांनी, आणि त्यामुळे अमेरिकेत रिकामी पुंगळी हा कचरा न राहता कच्चा माल झाला. रशियातून येणारी स्वस्त, पोलादी पुंगळीची काडतुसे प्रामुख्याने बर्डन पद्धतीची, म्हणून ती एकदा उडवून टाकून देण्याचीच असत. सर्वांत लोकप्रिय असलेले बारीक पॉइंट टू-टू काडतूसही घरी भरता येत नाही, कारण त्यात वेगळी टोपी नसून आघाताने पेटणारे संयुग पुंगळीच्या कडेत भरलेले असते. २०१२ नंतरच्या टंचाईत नेमके हेच काडतूस कित्येक वर्षे दुर्मीळ राहिले आणि ज्याच्याकडे पुनर्भरणाची सर्व यंत्रे होती त्यालाही त्याबाबत काही करता आले नाही.

टंचाईच्या लाटा अमेरिकेच्या राजकीय दिनदर्शिकेशी जोडलेल्या आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये बराक ओबामा निवडून आल्यावर बंदुकांवर निर्बंध येतील या अपेक्षेने पहिली मोठी खरेदी झाली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथील सँडी हुक शाळेत २० मुले व ६ प्रौढांची हत्या झाल्यानंतर नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली आणि दुसरी, अधिक लांबलेली लाट आली. २०१६ च्या निवडणुकीनंतर निर्बंधांची भीती ओसरली, तशी मागणीही कोसळली. रेमिंग्टन ही दोनशे वर्षांची जुनी कंपनी मार्च २०१८ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. त्यापूर्वीच, सप्टेंबर २०१९ मध्ये, टेक्सासमधील एल पासो येथील आपल्या दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने पिस्तुलांची व काही रायफलींची काडतुसे विकणे थांबवण्याची घोषणा केली होती, म्हणजे सर्वसामान्य ग्राहकाच्या सर्वांत जवळचे दुकान या व्यवहारातून बाजूला झाले होते.

अशा अवस्थेत २०२० उजाडले. करोनाची साथ, शहरांतील आंदोलने आणि अध्यक्षपदाची निवडणूक एकाच वर्षात आली, आणि केंद्रीय पूर्वेतिहास तपासणी यंत्रणेकडे त्या वर्षी सुमारे ३ कोटी ९७ लाख तपासण्यांची नोंद झाली. आदल्या वर्षी हा आकडा सुमारे २ कोटी ८४ लाख होता. प्रत्येक तपासणी म्हणजे एक बंदूक विकली गेली असे नव्हे, कारण परवान्यांच्या नूतनीकरणासाठीही अशा तपासण्या होतात. तरी दिशा स्पष्ट होती. बंदूक उद्योगाच्या संघटनेने त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांची संख्या सुमारे ८४ लाख असल्याचा अंदाज दिला. यांपैकी प्रत्येकाने बंदुकीबरोबर ५० काडतुसांच्या केवळ दोन पेट्या घेतल्या असे धरले, तरी ८४ कोटी काडतुसांची जादा मागणी उभी राहते, आणि यात जुन्या मालकांनी घाईने केलेली साठवण धरलेलीच नाही. नऊ मिलिमीटरच्या ५० काडतुसांची जी पेटी साथीपूर्वी दहा डॉलरच्या आसपास मिळे, ती २०२०-२१ च्या हिवाळ्यात तीस-चाळीस डॉलरलाही मिळेना. फेडरल व सीसीआय या नाममुद्रांची तेव्हाची मालक कंपनी व्हिस्टा आउटडोअर हिच्याकडे २०२० च्या अखेरीस एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या काडतुसांच्या मागण्या थकून होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये रशियातील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दल अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीला नवे परवाने न देण्याचे जाहीर केले आणि स्वस्त मालाचा तो मार्गही बंद झाला.

मागणी एवढी वाढली असता कारखाने का वाढत नाहीत, हा प्रश्न ग्राहक दरवेळी संतापाने विचारतात आणि उत्तर म्हणून साठेबाजीच्या किंवा सरकारी कटाच्या कथा पसरतात. खरे उत्तर टोपीच्या कारखान्यात आहे. अमेरिकेत टोप्या मोठ्या प्रमाणावर बनवणारे उत्पादक चारच: मिनेसोटातील अनोका येथील फेडरल, आयडाहोतील लुइस्टन येथील सीसीआय, आर्कान्सातील लोनोक येथील रेमिंग्टन आणि विंचेस्टर. टोपीतील संयुग कोरडे असताना अतिशय तापट असते, म्हणून ते ओले असताना साच्यांच्या छिद्रांत भरले जाते व नंतर सुकवले जाते; हे काम करणाऱ्यांना दीर्घ प्रशिक्षण लागते, इमारती एकमेकींपासून दूर आणि स्फोट सोसणाऱ्या बांधाव्या लागतात, त्यांचे परवाने मिळण्यास वर्षे जातात. दोन वर्षांच्या घबराटीसाठी कोणी असा कारखाना उभारला, तर तो सुरू होईपर्यंत भीती ओसरलेली असण्याची शक्यता अधिक, आणि रेमिंग्टनचे काय झाले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्या दिवाळखोरीत रेमिंग्टनचा काडतूस विभाग व्हिस्टाने घेतला, म्हणजे चारांपैकी तीन नाममुद्रा एका छताखाली आल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हा सारा विभाग चेकोस्लोव्हाक ग्रुप या चेक उद्योगसमूहाला विकला गेला. ज्या वस्तूकडे अमेरिकेतील कित्येक लोक राष्ट्रीय स्वातंत्र्याचे चिन्ह म्हणून पाहतात, तिच्या सर्वांत नाजूक भागाचे बहुतांश उत्पादन आज युरोपीय मालकीचे आहे.

आता पुनर्भरणाकडे वळता येईल. वापरलेल्या पुंगळ्या प्रथम स्वच्छ केल्या जातात. मग प्रेस नावाच्या, हाताच्या दांड्याने चालणाऱ्या दाबयंत्रात डाय नावाचा साचा बसवून प्रत्येक पुंगळी मूळ मापात आणली जाते व त्याच हालचालीत जुनी टोपी बाहेर पडते. नवी टोपी बसवून, ग्रेन या सूक्ष्म मापात तोललेली दारू ओतून, वर गोळी बसवून तोंड आवळले की काडतूस तयार होते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, त्यामुळे ज्या पिस्तुलाला पाचेक ग्रेन दारू लागते त्याची चौदाशेच्या आसपास काडतुसे एका पौंडात होतात, तर पन्नास ग्रेन खाणाऱ्या मोठ्या रायफलीची जेमतेम एकशे चाळीस. पुंगळी ही काडतुसातील सर्वांत महाग वस्तू असल्याने ती पुन्हा वापरण्यात बचत आहे. मात्र जे लोक हे काम निष्ठेने करतात ते बचतीपेक्षा अचूकतेबद्दल अधिक बोलतात, कारण एकाच बंदुकीला मानवेल असे काडतूस घरीच घडवता येते. केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायची तर लागतो.

या उद्योगातील काही नामवंत कंपन्यांचा जन्म एका टंचाईतून झाला, ही गोष्ट आजच्या खरेदीदारांना क्वचितच ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात तांबे, शिसे व दारू लष्कराकडे वळली आणि शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनाशा झाल्या. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये असा साचा बनवला की ज्यात वापरलेल्या पॉइंट टू-टू पुंगळीचेच कवच करून त्यात शिसे भरून नवी गोळी घडवता येई. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. लुइस्टनमध्ये व्हर्नन स्पीअर यांनीही त्याच सुमारास याच प्रकारे टाकाऊ पुंगळ्यांपासून गोळ्या केल्या. युद्ध संपल्यावर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी सरकारकडे पडून असलेली युद्धकाळातील दारू टनांच्या हिशेबात विकत घेतली व ती टपालाने पौंडापौंडाने विकली. त्यांची कंपनी आज अमेरिकेतील दारूच्या व्यापारात अग्रस्थानी आहे. नेब्रास्कातील जॉइस हॉर्नडी यांनी १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला. या चौघांनाही जे मिळत नव्हते त्याऐवजी जे उपलब्ध होते ते वापरण्याची युक्ती सुचली, आणि ती कारागिरी आदर करण्याजोगी आहे.

परंतु त्यांच्याही युक्त्यांत टोपी विकतचीच होती, आणि आजही घरी काडतूस भरणारा माणूस पुंगळी वाचवू शकतो, वितळवलेल्या शिशापासून गोळी ओतू शकतो, टोपी आणि दारू मात्र सुरक्षितपणे घरी करू शकत नाही. टंचाई आली की कारखाने टोप्या आधी स्वतःच्या काडतुसांत वापरतात, कारण नफा तिथे अधिक असतो, आणि सुट्या टोप्या बाजारात सर्वांत शेवटी येतात. साथीपूर्वी हजार टोप्यांची पेटी तीस-पस्तीस डॉलरला मिळे. २०२१ मध्ये हातोहात होणाऱ्या विक्रीत तिला शंभर डॉलरच्या वर मोजावे लागत. म्हणून पुनर्भरण हे टंचाईवरचे उत्तर आहे असे विकणारे सांगतात तेव्हा ते अर्धेच सत्य असते: ते फक्त अशा माणसाला उपयोगी पडते ज्याने सुकाळात टोप्या व दारू घेऊन ठेवली आहे. फळ्या रिकाम्या झाल्यावर यंत्रे विकत घेणाऱ्याच्या हाती महागडे लोखंड उरते.

दारूची गोष्टही याहून फार निराळी नाही. धूरविरहित दारूचा पाया असलेले नायट्रोसेल्युलोज बहुतांशी सरकीला चिकटून राहणाऱ्या कापसाच्या आखूड तंतूंवर आम्लांची प्रक्रिया करून केले जाते, आणि युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढल्यापासून जगभर त्याची चणचण आहे; युरोपातील कारखाने या तंतूंसाठी मुख्यत्वे चीनवर अवलंबून आहेत. २०२४ च्या आरंभी अमेरिकन कंपन्यांनी दारूच्या जागतिक टंचाईचे कारण देऊन भाववाढ जाहीर केली. हे रसायन किती धोक्याचे आहे याची आठवण महाराष्ट्राला २४ जानेवारी २०२५ रोजी झाली, जेव्हा भंडाऱ्याजवळच्या आयुध निर्माणीत, जिथे लष्करासाठी अशी दारू बनते, झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसे, नियम आणि देखरेख असलेल्या ठिकाणी असे होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर रसायनांचे प्रयोग करण्याचा विचार कोणीही मनात आणू नये.

अनुभवी खरेदीदार टंचाईत माल कसा मिळवतात, याचे वर्णन थोडक्यात करता येते. ते दुकानात माल येण्याचा वार विचारून घेतात, निशाणेबाजी क्लबच्या सदस्यांबरोबर एकत्र मागणी नोंदवतात, उत्पादकाच्या स्वतःच्या विक्रीस्थळावर नजर ठेवतात, आणि पेटीच्या किमतीऐवजी एका काडतुसामागे पडणारा खर्च काढतात. टोप्या व दारू घरपोच मागवताना धोकादायक मालाच्या वाहतुकीचे वेगळे शुल्क पडत असल्याने लहान मागणी फार महाग पडते. प्रत्येक टंचाईत खोटी संकेतस्थळे उगवतात, ज्यांची खूण म्हणजे बाजारात कुठेच नसलेला माल जुन्या भावात उपलब्ध असणे आणि क्रेडिट कार्ड न स्वीकारता परत न मिळणाऱ्या मार्गाने पैसे मागणे. सरावासाठी चापाची व नेमाची कवायत रिकाम्या बंदुकीने, नकली काडतूस घालून करता येते. पण या सगळ्यांहून मोलाचा उपाय म्हणजे भाव उतरलेल्या वर्षांत, दरमहा थोडे, वापरातील बंदुकीपुरतेच घेणे. अशी खरेदी कोणाच्याही वाट्याचे हिरावत नाही.

साठवणीचे नियम फार जणांना माहीत नसतात, आणि जे माहीत असतात तेही पाळले जात नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या नियमावलीनुसार घरात धूरविरहित दारू मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ९ किलो, ठेवता येते. त्याहून अधिक, ५० पौंडांपर्यंत, ठेवायची तर किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत ठेवावी लागते, आणि टोप्यांची मर्यादा १०,००० आहे. दारू लोखंडी तिजोरीत कोंडून ठेवू नये, कारण उघड्यावर ती भडकून जळते पण घट्ट बंदिस्त जागेत दाब साचून स्फोट होतो. लाकडी पेटीच्या नियमामागे हाच विचार आहे. डब्यातून आंबट वास येऊ लागला किंवा तांबूस धूळ व वाफ दिसली की दारू कुजते आहे असे समजून ती निकामी करण्याची व्यवस्था करावी. तयार काडतुसे कोरड्या, थंड जागी, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात दशके टिकतात. आगीत सापडलेली सुटी काडतुसे बंदुकीतून सुटल्यासारखी गोळी फेकत नाहीत, कारण नळीचा आधार नसल्याने दाब पुंगळी फाडून निघून जातो. तुकडे उडतात, पण त्यांचा जोर फार कमी असतो. भरलेल्या बंदुकीतील काडतुसाबद्दल मात्र हे खरे नाही.

काडतुसे भरणाऱ्याचे सर्वांत मोठे शत्रू घाई आणि विस्मरण हे आहेत. एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर बंदूक फुटते. अजिबात न पडली तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढची गोळी तिच्यावर आदळते. म्हणूनच बाकावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा ठेवावा, प्रमाण छापील व अद्ययावत पुस्तकातूनच घ्यावे, त्यातील सर्वांत खालच्या मात्रेपासून सुरुवात करावी, आणि टंचाईत हवी ती दारू मिळाली नाही म्हणून दुसरी ‘तशीच दिसते’ म्हणून कधीही वापरू नये. वापरलेल्या पुंगळ्या घासताना उडणाऱ्या धुळीत टोपीतील शिसे असते. त्या खोलीत खाणेपिणे टाळावे, हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना तिथे येऊ देऊ नये.

काडतुसे आपत्तीच्या तयारीच्या यादीत कशी आली, यालाही इतिहास आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले, पोलीसव्यवस्था कोलमडली, आणि त्यानंतर प्रशासनाने नागरिकांच्या कायदेशीर बंदुकाही जप्त केल्या. हे प्रकरण इतके गाजले की २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपत्तीत अशी जप्ती करण्यास मनाई करणारा कायदा केला. त्या पुराच्या आठवणीतून अशी समजूत घट्ट झाली की संकटात पहिला धोका माणसांचा असतो. ज्या ग्रामीण भागात पोलीस ठाणे तासाभराच्या अंतरावर आहे तिथे ही चिंता निराधार नाही, आणि तिची टिंगल करणे अन्यायाचे होईल. तथापि आपत्तीत माणसे प्रत्यक्षात कशाने मरतात याच्या नोंदी उपलब्ध आहेत, आणि तयारी त्या नोंदींवरून ठरायला हवी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर हिमवादळ आले आणि सुमारे ४५ लाख घरांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने या आपत्तीत २४६ मृत्यू नोंदवले: १६१ थंडीने, २५ जुने आजार बळावल्याने, २२ वाहन अपघातांत, १९ कार्बन मोनॉक्साइड वायूने, १० आगीत आणि ९ पडून. या यादीत लुटारूंच्या हल्ल्याचा रकानाच नाही. ह्यूस्टन, ऑस्टिन आणि डॅलस परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, आणि त्या आठवड्यात त्या शहरांतील घरांना ज्या गोष्टी हव्या होत्या त्या म्हणजे ब्लँकेट, गोठून फुटलेल्या नळांमुळे संपलेले पाणी, आणि घरात शेगडी किंवा जनित्र लावू नये ही साधी माहिती. जनित्र घरापासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावरच चालवावे आणि घरात बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक असावा, एवढ्या दोन गोष्टींनी त्या १९ जणांपैकी कित्येकांचे प्राण वाचू शकले असते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने नॉर्थ कॅरोलिनातील डोंगराळ अ‍ॅशव्हिल शहराची जलवाहिनी वाहून नेली आणि तेथील नळांना पिण्यायोग्य पाणी येण्यास ५३ दिवस लागले.

म्हणून बेगमीची सुरुवात पाण्यापासून व्हावी. अमेरिकी आपत्ती यंत्रणा फेमा माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी, अनेक दिवस पुरेल इतके ठेवण्यास सांगते. पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन व ओरेगन ही राज्ये मोठ्या भूकंपाच्या शक्यतेमुळे दोन आठवड्यांची तयारी सुचवतात. चौघांच्या कुटुंबाला दोन आठवड्यांसाठी २१० लिटर लागतात. साठा संपला तर पाणी एक मिनिट खळखळून उकळावे, दोन हजार मीटरवरील उंचीवर तीन मिनिटे. इंधन नसेल तर सुगंध न घातलेल्या, ६ टक्के तीव्रतेच्या घरगुती ब्लीचचे आठ थेंब एका गॅलनला टाकून अर्धा तास थांबावे. वीज गेल्यावर न उघडलेला फ्रिज चार तास आणि भरलेला डीप फ्रीजर सुमारे ४८ तास अन्न राखतो. रोजची औषधे, चष्मा, कागदपत्रांच्या प्रती, बॅटरीवरील रेडिओ, थोडी रोख रक्कम आणि घरात जे रोज खाल्ले जाते तेच अन्न अधिक प्रमाणात, एवढ्याने बहुतेक संकटे निभावतात. युटामध्ये मॉर्मन पंथाच्या कुटुंबांनी कोठीघराची ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, जुने आधी वापरायचे आणि नवे मागे लावायचे, अगदी कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यापूर्वी तांदूळ, सुकी मासळी व मसाल्यांची भरणी होते तशी.

काडतुसांचे स्थान या यादीत शेवटी आहे, आणि जिथे ती आहेत तिथे कुलूप पहिले. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. लांबलेले संकट, एकटेपणा व आर्थिक ओढाताण ही आत्महत्येची जोखीम वाढवणारीच परिस्थिती असते. बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्यात, आणि किल्ल्या मुलांच्या व विमनस्क व्यक्तीच्या हाती न लागतील अशा, ही व्यवस्था कोणत्याही साठ्याहून अधिक जीव वाचवते. पहिल्यांदाच बंदूक घेतलेल्या त्या लाखो लोकांपैकी पुष्कळांनी ती भीतीपोटी व प्रशिक्षणाविना घेतली, ही अधिक काळजीची बाब आहे.

अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी असलेल्या मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदुकीप्रमाणेच काडतुसे बाळगण्यासही मनाई आहे; वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत, आणि ग्रीन कार्डधारकास ही मनाई लागू नाही. सहकाऱ्याने भेट दिलेली पेटी घरात ठेवणे हाही गुन्हा ठरू शकतो.

भारतातील स्थिती मुळातच वेगळी आहे. महाराष्ट्रात १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावची आयुध निर्माणी काडतुसे बनवतात, पण ती प्रामुख्याने लष्करासाठी व पोलिसांसाठी. सामान्य परवानाधारकाने एका वेळी किती काडतुसे बाळगावीत व वर्षात किती घ्यावीत हे त्याच्या परवान्यावर लिहिलेले असते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. घरी काडतुसे भरण्याची अमेरिकन मोकळीक इथे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केलेल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही समाविष्ट आहेत, आणि परदेशातील निशाणेबाजीच्या मैदानावरून आठवण म्हणून खिशात घातलेले एखादे काडतूस मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या तपासणीत सापडले, तर त्याबद्दल पोलिसांत गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. परतीच्या प्रवासाआधी बॅगांचे सर्व कप्पे, विशेषतः उसन्या घेतलेल्या बॅगांचे, रिकामे करून तपासावेत.